अण्णांची शिक्षा

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आईला नाही, आणि ज्याच्या दंडावर ते आहे त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. फक्त मधेच ‘जाऊ दे, होतं असं’ म्हणू नका — त्या वाक्याने माझं डोकं फिरतं. असं होत नसतं. असं कुणीतरी करतं.

मध्य प्रदेशात, देवासला माझं टॅटूचं दुकान आहे. गॅरेजवाले पुष्कळ येतात. कुणाला फुलीसारखे तिरपे स्पॅनर-पाने हवेत, कुणाला कवटीच्या तोंडात पिस्टन, कुणाला कातडी फाटून आतले गिअर दिसताहेत असा खांदा. सगळं मोबाइलमधून उचललेलं. मी चिडायची. अरे, तुझ्या रोजच्या हातातलं हत्यार दाखव ना, दुसऱ्याची कवटी कशाला मिरवतोस? आणि मग त्याच्याच गॅरेजमधलं काहीतरी बघून मी स्वतः काढून द्यायची. सोनकच्छपासून बदनावरपर्यंतचे मेकॅनिक त्यासाठीच येतात. माझ्या हाताचा मला गर्व होता — आजही आहे, हेही सांगून टाकते.

शैलेश धारचा. आमच्यासारखंच तिकडे रुजलेलं मराठी घर; पणजोबा संस्थानच्या मोटारी सांभाळायचे, तेव्हापासून हातात पाना. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गॅरेज. अण्णांची पाठ गेली तेव्हा त्यांनी याला कॉलेजातून काढून हाताशी घेतलं. याला त्याचं दुःख नव्हतं. अण्णांना होतं. आपण पोराचं वाटोळं केलं, हे त्यांच्या मनातून कधी गेलंच नाही.

हे सगळं मला शैलेशनेच सांगितलं, माझ्या खुर्चीत बसून. म्हणजे मला माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

त्याला दंडावर अण्णांचा जुना पाना हवा होता, दांडा झिजलेला, तसाच. आणि खाली मराठीत अक्षरं. तो म्हणाला, “ताई, अण्णांना लगता है के त्यांनी माझं करिअर बरबाद केलं. मला दाखवायचंय के कॉलेजनं काय दिलं असतं, जे आलं ते त्यांच्याकडून आलं. बस इतकं लिहा — अण्णांची शिक्षा.”

हिंदी शाळेत शिकलेला मुलगा. त्याच्या लेखी शिक्षा म्हणजे शिक्षण. त्याने मराठी म्हणून लिहून घेतलं ते हिंदी होतं, आणि अण्णा जुन्या घरातले, मराठी वाचणारे. ते काय वाचणार होते, मला कळलं नसेल?

मला तर तो शब्द थोबाडीत खाऊन आलाय. माझे बाबा शाळेत मास्तर, लोकांकडे पूजा सांगायचे, आणि आमच्या घरी हिंदी उंबरठ्याबाहेर. लहानपणी मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, आमच्या शाळेत शिक्षा फार चांगली मिळते. पाहुणे हसले. बाबांनी नंतर फरक समजावला — हाताने. मला तो फरक झोपेतही चुकणार नाही.

मग मी का नाही बोलले?

कारण मला त्याचा राग आला. हो, राग. बाप पोराला हाताशी घेऊन शिकवतो, वर त्याचंच वाईट वाटून घेतो, आणि पोरगा तेच हौसेने अंगावर गोंदून घ्यायला येतो! माझे बाबा माझ्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची बाजू बदलायचे. गोंदणाऱ्या बायका गावाबाहेर बसतात, असं ते एकदा आईला म्हणाले, मी ऐकेन इतक्या मोठ्याने. आणि हा माझ्यासमोर बसून अण्णा, अण्णा करतोय. मनात आलं, बघू दे एकदा, वडिलांचं तोंड फिरलं की कसं वाटतं. एवढंच मनात आलं. एवढं पुरतं.

मी सुई लावली. अक्षरं सुरेख आली. माझं त्याहून चांगलं काम नाही.

रंग पक्का करायला तो परत आला. दंड बघून अण्णा सरळ हात धुवायला आत गेले, म्हणाला. तेव्हापासून गॅरेजमध्ये येऊन बसायचे, पण त्याला काही सांगायचे नाहीत. काही विचारलं की तूच बघ म्हणायचे. माझं काही चुकलं का, असं त्याने मला विचारलं. मला. आणि मी म्हणाले, जुन्या माणसांना टॅटू आवडत नाहीत रे, मनावर नको घेऊस.

पहिल्या वेळी मी गप्प राहिले होते. या वेळी बोलले, आणि खोटं बोलले.

मग एकदा अण्णा स्वतः आले. देवासला कुणाच्या तरी मुंजीला आले होते, इस्त्रीचा सदरा, वाकलेली पाठ. आत आले नाहीत, पायरीवरूनच विचारलं, “बेटा, ते शब्द त्यानेच सांगितले होते का?”

मी म्हणाले, “हो.”

खरं होतं ना? अक्षरन् अक्षर खरं. त्यांनी मान हलवली, “मग बरोबर आहे त्याचं,” म्हणाले, आणि रिक्षा शोधायला गेले. माझ्या जिभेला तेव्हा काय झालं होतं, कुणी दाबून धरली होती? कुणी नाही. हाक मारली असती तर ते थांबले असते.

त्या हिवाळ्यात अण्णा गेले.

तेराव्यानंतर शैलेश आला. अक्षरं फिकी झाली होती, ती पुन्हा गडद करून हवी होती. म्हणाला, आता हेच राहिलंय त्यांचं. मी दंड हातात घेतला आणि पाहिलं — शेवटच्या कान्याच्या अलीकडे जागा होती. तिथे ण-चं पोट बसलं असतं, काना होताच. शिक्षाचं शिक्षण झालं असतं; आधीचं ‘ची’ व्याकरणात चुकलं असतं, पण अर्थ सरळ झाला असता. पण त्याने विचारलं असतं, ताई, हे काय करताय? आणि मग मला सगळं सांगावं लागलं असतं.

तो डोळे मिटून बसला होता. दुखतंय का, मी विचारलं. नाही म्हणाला.

मी तोच शब्द पुन्हा गिरवला, शेवटच्या कान्यापर्यंत.