नावेत अडकलेली सगुणा

बनुबाईचं डोकं कायम तापलेलं असायचं. पाटणच्या खालच्या अंगाला, कोयनेकाठी त्यांचा ऊस होता. भांगलणीला येणाऱ्या बायका तिच्या तोंडी लागत नसत, पण गोष्ट मात्र तिच्याकडूनच हवी असायची. मामाच्या जाचाला कंटाळून, लंगडं वासरू घेऊन पळालेल्या सगुणा नावाच्या पोरीची गोष्ट. दरसाल तीच गोष्ट, आणि दरसाल बायका हातातली खुरपी थांबवून ऐकायच्या. सगुणा नावेत बसते, नदीला लोंढा येतो, नावाड्याच्या हातचं वल्हं वाहून जातं, आणि तिथंच बनुबाई गप्प व्हायची.

"फुडं काय झालं?" कुणी विचारलंच तर ती अंगावर जायची. "मला काय ठावं? माझ्या बाला जाऊन इचारा."

खरंच तिला ठाऊक नव्हतं. माहेरी शाळा मारुतीच्या देवळात भरे. शनिवारी मास्तर पेटीतून पुस्तक काढून वाचून दाखवत. सगुणाची गोष्ट त्यातलीच. नावाड्याचं वल्हं वाहून गेलं आणि बनुबाईचा बाप दारात उभा राहिला. पाहुणे बघायला आलेत, ऊठ. अकरा वर्षांची पोर उठली, पाहुण्यांपुढं बसली, आणि शाळा संपली. नवरा मिळाला तो लालासाहेब, पलटणीतला, माणूस वाईट नव्हे. पण भरल्या ताटावरून उठवलेलं माणूस विसरत नाही. उठवणारा मात्र खुशाल विसरतो, लग्नात मिरवतो, आणि त्याला जाब विचारणारं गावात कुणी नसतं. याची चीड बनुबाईला यायची, आणि का येऊ नये?

चव्वेचाळीस साली तिची हरणा चौथीत होती. सासरच्या गावची शाळाही देवळातच. आणि एका शनिवारी पोर घरी येऊन सांगू लागली, मास्तर एक पुस्तक वाचतात, त्यात एक लंगडं वासरू आहे. बनुबाईची तव्यावरची भाकरी करपली. पुस्तक तेच होतं. मास्तर ते कुणाला घरी देत नसत, म्हणून मायलेकी शनिवारची वाट बघू लागल्या. अखेर सगुणा नावेत बसली, लोंढा आला, आणि शाळा सुटली. तो आठवडा बनुबाईनं कसा काढला, तिचं तिला माहीत.

शनिवारी सकाळी, रजेवर आलेल्या लालासाहेबानं सोप्यात घोंगडं अंथरलं. "हरणे, आज शाळा न्हाई. पावणं बघाय येत्यात."

बनुबाईनं थापती भाकरी परातीत टाकली. "ती शाळंत जानार. सुटल्यावर दावा."

"पावणं काय ताटकळत बसत्यात व्हय? आन् लगीन आताच कुटं करतोय? नुसतं बघून जात्यात."

"माझा बा बी असंच म्हनला हुता."

तिनं पोरीचं मनगट धरलं आणि निघाली. वेशीत पाहुण्यांची गाडी समोर आली, तरी तिनं पदरसुद्धा सारखा केला नाही. हरणा आत जाऊन बसली, बनुबाई देवळाच्या पायरीवर. मास्तरांनी एकदा बघितलं आणि वाचायला सुरुवात केली.

नाव वाहत वाहत एका उथळ जागी टेकली. सगुणानं वासराला ओढून काढलं. काठावरच्या एका म्हातारीनं दोघांना घरात घेतलं, पोरीला गरम दूध दिलं, आणि सगुणा झोपी गेली. संपलं. पोरं खूश होऊन कालवा करू लागली.

बनुबाई हलली नाही. इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात सगुणाला कधी बुडवलं होतं, कधी मगरीच्या तोंडी दिलं होतं. मास्तरांचा घसाही कोरडा पडला नव्हता, एवढंसंच उरलं होतं ते.

घरी आली तेव्हा पाहुणे निघून गेले होते. लालासाहेब सोप्यात येरझाऱ्या घालत होता. "चारचौघांत माझं नाक कापलंस. कशापायी? एका पोरांच्या पुस्तकापायी?"

"चार पानं हुती वं," बनुबाई म्हणाली. "चारच. माझ्या बानं दारात हुबं राहून तेवढं ऐकून घेतलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

लालासाहेब सकाळी अंथरलेल्या घोंगड्यावर टेकला.

"हरणा सोमवारी शाळंत जाईल. सातवी हुस्तंवर जाईल. मधी पावणं आनलंसा, तर त्यांच्याम्होरं मी बसंन. काय इचारायचं ते मला इचारू द्या."