फोनच्या धाकातली फिरती

मला त्या ॲपची किळस येते. यंत्राचा माणसाला राग येतो, वैताग येतो. किळस येते ती झुरळाची किंवा नासलेल्या दुधाची. पण कंपनीनं दिलेला तो काळा फोन परत करून बरेच दिवस झाले, तरी मांडीपाशी थरथर झाल्याचा भास होतो आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

माझी सगळी नोकरी फिरतीची. पुण्याच्या एका प्रकाशनाची पुस्तकं नांदेड आणि लातूरच्या दुकानांत खपवायची. आधी शाळेची गाईडं होती, पुढं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांची उशीएवढी जाड पुस्तकं आली. घर परभणीला, पण घरात मी पाहुणाच. सोमवारी एसटीत बसायचं, नमुन्याच्या पुस्तकांची बॅग पायात ठेवायची, आणि आठवडाभर लॉजवरच्या ढेकणांशी ओळख वाढवायची. सुखाची नोकरी होती असं मी म्हणणार नाही. पण स्टँड सोडलं की पुढच्या गावापर्यंत मी कुणाचाही नोकर नव्हतो, हे सुख मात्र होतं.

नांदेडात माझा मुक्काम नावाला लॉजवर असायचा. खरा पत्ता जुन्या गावातल्या एका पुस्तकाच्या दुकानाचा. दुकानदार मुसलमान, बापजाद्यांपासून बाइंडिंगचं काम करणारा. दुकानाच्या मागंच घर. वयानं माझ्याहून थोडा थोरला, म्हणून मी त्याला भाई म्हणायचो. त्याच्याकडं एक रीत होती. चहा झाल्याशिवाय पुस्तकाचा विषय काढायचा नाही. मी बॅगेची चेन उघडायला लागलो की तो हातावर चापटी मारायचा. "बस आधी. चाय पी. किताबा कुठं पळून राहिल्या काय?" मग घरचं, दारचं, कुणाचं लग्न, कुणाचा मोतीबिंदू. ऑर्डर शेवटी, उठता उठता, चपलेत पाय घालताना. चहाआधी ऑर्डर मागणारा माणूस त्याच्या लेखी हलकट.

दुकानातला जुना डायलचा फोन म्हणजे माझं टपाल होतं. बायकोचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवरून तिथं यायचा. मला मुलगी झाली तेव्हा मी हदगावला होतो. भाईनं दुकान बंद केलं, स्टँडवर जाऊन हदगावकडून येणाऱ्या गाड्या पाहत उभा राहिला, आणि मी पायरीवरून उतरायच्या आत माझ्या तोंडात पेढा कोंबला. बातमी नंतर सांगितली.

भूकंपाच्या वेळी मी लातुरात होतो. पहाटे लॉजच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि आम्ही सगळे चड्डी-बनियनवर रस्त्यावर आलो. दिवस उजाडला तसे खेड्यांकडून जखमींचे ट्रक यायला लागले. फोन लागत नव्हते. मी सुन्न होऊन स्टँडजवळच्या मैदानात बसून होतो. दिवस मावळायच्या आत भाई समोर येऊन उभा राहिला. एका हातात चादर, दुसऱ्या हातात डबा. त्या आठवड्यात मी निलंग्याच्या बाजूला जाणार, हे त्याला माझ्या बोलण्यातून ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तो मिळेल त्या गाडीनं निघाला होता. मला पाहून त्यानं आधी एक शिवी हासडली. "इथं बसून राहिलास व्हय! मी तुझ्यापायी दवाखाने पाहून राहिलो. एकेक चादर उचलून पाहिली." मग तो माझ्या शेजारी मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर लातूर भराभर बदललं. क्लासेस आले. गल्लीगल्लीत मेसचे डबे, पोरांच्या खोल्या, पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे भिंतभर फलक. नांदेडही मागं राहिलं नाही. पुस्तकं खपायला लागली, आणि कंपनीत माझ्या मुलीच्या वयाचे साहेब आले. मोबाईल आला तेव्हा मला आनंदच झाला होता, हे कबूल करतो. लॉजवरून बायकोशी बोलता यायचं, तेही एसटीडी बूथच्या रांगेत न थांबता. माणूस किती लवकर फसतो!

मग ते ॲप आलं. दुकानात शिरलं की पाटीखाली दुकानदाराबरोबर फोटो काढायचा. फोनला प्रत्येक दुकानाची जागा ठाऊक. आपण तिथं काही वेळ थांबलो की तो आपोआप 'भेट' नोंदवणार. जास्त थांबलो की पुण्याहून विचारणा, "सर, एकाच काउंटरवर इतका वेळ?" मी लघवीला आडोसा शोधत रस्ता सोडून आत गेलो तरी त्याला कळायचं. पन्नाशी उलटलेला माणूस मी. केस पिकले, साखर लागली, आणि एका पोराला झाडामागं गेल्याचा हिशेब देत होतो. सांगतानाही तोंड कडू होतं.

भाईला त्या फोटोचा भयंकर तिटकारा. "तू मला भेटायला येऊन राहिलास का पंचनाम्याला?" म्हणून तो हातातलं गाईड तोंडासमोर धरायचा. कंपनीकडं त्याचे जेवढे फोटो गेले, सगळ्यांत एक पुस्तक आणि वर टोपी. पण चहा त्यानं सोडला नाही. साहेबांची विचारणा आली की मी गर्दी होती म्हणून सांगायचो.

तो गेला त्या दिवशी मी पुन्हा लातुरातच होतो. सकाळी क्लासच्या गल्लीत चहा घेत होतो, आणि त्याच्या मुलाचा फोन आला. "चाचा, अब्बा गेले. जोहरच्या नमाजनंतर माती." बातमी मोबाईलमुळंच वेळेवर पोचली, हे मी नाकारत नाही. दुपारच्या आत नांदेड गाठायचं होतं. आमच्याकडं लग्न चुकलं तर माफ असतं. माती चुकली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि हा तर माझ्यासाठी दवाखान्यातल्या चादरी उचलून आलेला माणूस.

मी साहेबांना फोन लावला. "आजची रजा मांडा. मित्र वारला."

"ओह, सॉरी सर. पण सीझन आहे ना. नात्यातले होते का?"

"मित्र, म्हणालो ना."

"पॉलिसीत फक्त जवळचं नातं बसतं, सर. तुम्ही लातूर पूर्ण करून संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा ना फॅमिलीला. हल्ली सगळे तसंच करतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाला व्हिडिओ कॉल! "बिनपगारी धरा, नाहीतर काढून टाका, मी निघालो," म्हणून मी फोन ठेवला आणि मिळाली त्या गाडीत चढलो.

अहमदपूरपर्यंत उभा होतो. शेजारचा एक जण मोठ्या आवाजात विनोदी व्हिडिओ पाहत होता आणि तेच तेच हसू पुन्हा पुन्हा लावत होता. माझ्या खिशात फोन थरथरत होता. 'आपण ठरलेल्या मार्गाबाहेर आहात.' थोड्या वेळानं पुन्हा तेच. बंद करावा तर भाईच्या मुलाचा फोन यायचा, आणि माझा दुसरा फोन नव्हता. लोह्याच्या अलीकडं गाडी अडली. पुढं ट्रक आडवा झालेला. मी खाली उतरून कंडक्टरला विचारलं, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "आता काय सांगावं बाप्पा? सरकून राहिलंय हळूहळू." तेवढ्यात मुलाचा फोन आला. "चाचा, कुठपर्यंत आलात? लोक जमले. थोडं थांबतो, पण लई थांबता येणार न्हाई."

मी पायी पुढं गेलो, ट्रकपलीकडं अडकलेल्या एका जीपवाल्याला हात जोडले. कशासाठी जायचंय ते सांगितल्यावर त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला मागं बसवलं आणि मला घेतलं. अनोळखी माणूस. त्यानं नातं विचारलं नाही.

पोचलो तेव्हा दुकानाचं शटर ओढलेलं होतं आणि मागच्या अंगणात लोक जनाजा उचलायच्या बेतात होते. मला पाहून मुलानं सगळ्यांना थांबवलं आणि बापाच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. भाई शांत दिसत होता. मी त्याच्याकडं पाहत उभा राहिलो, किती वेळ ते कळलं नाही. आणि तिथं, बायकांच्या रडण्यात, माझ्या खिशात ते थरथरलं. मी लक्ष दिलं नाही. खांदा दिला, कब्रस्तानात गेलो, सगळ्यांबरोबर माती दिली. हात झटकताना बोटांच्या बेचक्यांत ती तशीच राहिली होती. वेळेवर पोचलो, एवढं एक बरं वाटत होतं.

परत आल्यावर मुलगा आणि मी दुकानाच्या पायरीवर बसलो. दिवसभर येणाऱ्या फोनांना उत्तर द्यायचं म्हणून बापाचा फोन त्यानं स्वतःच्या खिशात ठेवला होता. तो काढून त्यानं माझ्यापुढं धरला. "चाचा, हे काय आलंय, बघा ना."

माझ्या कंपनीचा संदेश होता. 'आमचे प्रतिनिधी आज आपल्याला भेटले. भेट कशी वाटली? कृपया तारे द्या.' खाली पाच रिकामे तारे.

घर दुकानाच्या मागंच, त्यामुळं मी त्या अंगणात उभा असताना ॲपनं माझी भेट नोंदवली होती, आणि भेट नोंदली की गिऱ्हाइकाला असा संदेश जायची नवी सोय झाली होती. मुलगा रागावला नव्हता. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसलं असतं. तो फक्त विचारत होता, "याचं काय करू?" मी त्याच्या हातातून फोन घेतला, तो संदेश पुसून टाकला, आणि नळाखाली जाऊन चूळ भरली. काही खाल्लेलं नव्हतं, तरी.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. आवाज खुशीत. "सर, तुमचं काम झालं! नांदेडची व्हिजिट पडलीय. आता रजेचा प्रश्नच नाही, दिवस पूर्ण धरलाय. आणि मुलाचा नंबर घेऊन ठेवा, आता निर्णय तोच घेणार ना."

"मी मातीला आलो होतो," मी म्हणालो.

"हो सर, समजलं. पण नुकसान तर काही झालं नाही ना तुमचं?"

मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज केला. त्या दिवशी मी कामावर नव्हतो, पगार कापा, असं स्वच्छ लिहिलं. उत्तर आलं की हजेरी लागलेल्या दिवसाची रजा देता येत नाही. पुन्हा लिहिलं. मग पुण्याला गेलो तेव्हा तोंडी सांगितलं. तिथल्या मुलीनं समजुतीनं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवून दाखवला आणि म्हणाली, "काका, हजर माणसाला गैरहजर करायची सोयच नाही यात." पडद्यावर भाईच्या दुकानापुढं हिरवी खूण होती. शेजारी लिहिलं होतं: भेट यशस्वी, ऑर्डर बाकी.