माझ्या अर्जाची नक्कल

हिंगोलीच्या कचेरीत एक कारकून होते, ते कागदांच्या नकला हातानं लिहून देत. इंग्रजी त्यांना समजत नसे, पण अक्षर न अक्षर हुबेहूब उतरवीत. मग गवताची काडी ओळीखालून फिरवीत, मूळ कागदाशी ताडून बघत आणि म्हणत, "बराबर."

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. तत्त्वज्ञानात एम.ए. करण्यासाठी पुण्याला अर्ज लिहिला आणि नकलेसाठी त्यांच्याकडे दिला. विषय नीतिशास्त्र.

"बाई, ह्याच्यात काय शिकवतात?"

"माणसानं माणसाशी कसं वागावं, ते."

"मग त्याच्यासाठी एवढ्या दूर काहून जाऊन राहिल्या?"

आम्ही दोघंही हसलो.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं आणि त्यांच्या मोहल्ल्यातली मुसलमानांची घरं लुटली जाऊ लागली. तशा एका दुपारी ते नक्कल घेऊन आमच्या दारात आले, मागे बुरख्यातली बायको. आधी त्यांनी काडी फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत ताडून दाखवलं. मग म्हणाले, "दोन दिवस हिला तुमच्या मागच्या खोलीत ठेवा, बाई. मी कुठंबी राहीन."

"यांना विचारून सांगते," मी म्हणाले.

"बराबर," असं म्हणून ते बायकोला घेऊन निघाले.

संध्याकाळी तुमचे आजोबा लगेच हो म्हणाले. आम्ही गेलो, तर त्यांचं दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. ती दोघं पुन्हा दिसली नाहीत.

मला प्रवेश मिळाला होता. का गेले नाही, असं तुम्ही विचारता तेव्हा मी घरची अडचण सांगते. मागची खोली तेव्हा रिकामीच होती.