ठकीच्या वतीने

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना सगळे ‘ब्रेकसर’ म्हणतात, आणि हे त्यांना माहीत आहे. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा, अशी ती सोय. सर चुकायची वाट बघत नाहीत. समोर सिग्नल दिसो, सायकल दिसो, नाहीतर नुसतं कबुतर दिसो, त्यांचा पाय आधी खाली जातो. सुरुवातीला कितीतरी दिवस मला वाटायचं, गाडी मीच थांबवतेय आणि काय सुरेख थांबवतेय!

‘‘सर, मी दाबणारच होते ब्रेक.’’

‘‘दाबणार होतीस गं, पण कधी? ते आजोबा बॉनेटवर बसल्यावर?’’

तोंडाचंही तेच. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सर देऊन टाकतात, आणि तेही प्रश्न अर्धा असताना. त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. एकदा ती मला म्हणाली, ‘‘दातांच्या डॉक्टरने मला विचारलं, कुठली दाढ दुखतेय. मी तोंड उघडून पडलेली, तर यांनीच सांगितलं. आणि चुकीची सांगितली.’’

माणूस प्रेमळ. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेत नसे.

त्यांची मुलगी तेरा वर्षांची. घरात तिला ठकी म्हणतात. घरात ती भरपूर बोलते. आईशी वाद घालते, वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या खोकल्याची हुबेहूब नक्कल करते, आंघोळ करताना गाते. पण घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. शाळेतल्या बाईंशी नाही, आत्याशी नाही, दुकानदाराशी नाही. बालवाडीपासून हे असंच. आधी लोक म्हणाले लाजाळू आहे, मग म्हणाले हट्टी आहे, मग म्हणाले उद्धट आहे. शेवटी एका डॉक्टरने नीट समजावलं. ही मुलगी बोलायला तयार नाही असं नाही, तिला बोलायचंच आहे. पण घराबाहेर भीती तिचा गळाच धरते.

जुनी शाळा लहान होती. तिथे तिला सांभाळून घेत. ती शाळा सातवीपर्यंतच होती. सुट्टीनंतर मोठ्या शाळेत जायचं होतं, आणि तिथल्या मुख्याध्यापिकांनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘‘पहिलं सत्र बघू. तोंडी परीक्षा तिला द्यावी लागेल. अगदीच बोलली नाही, तर तुम्हाला दुसरी शाळा शोधावी लागेल.’’ तेव्हापासून सरांचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून त्यांनी ठकीला उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या त्या ग्रुपमध्ये घातलं.

ग्रुप वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा, आठवड्यातून दोनदा. एका खोलीत अशीच न बोलणारी मुलं, शेजारच्या खोलीत त्यांचे आईबाप, आणि शेवटचा अर्धा तास सगळे एकत्र. आईबापांनाही बसावं लागतं हे सरांना पहिल्या दिवशी कळलं.

‘‘नाव मुलीचं घातलं आणि बाकावर मला बसवलं,’’ ते मला म्हणाले. ‘‘उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी बापाची शाळा घेतं का?’’

पहिल्याच दिवशी त्यांची फजिती झाली. ग्रुप घेणाऱ्या समुपदेशक बाई शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी एका आईला विचारलं, ‘‘तुमच्या मुलीचं हे कधीपासून आहे?’’ ही आई केक करून विकायची, म्हणून सगळे तिला केकवाली म्हणत. तिची मुलगी आठ वर्षांची होती.

‘‘बालवाडीपासून,’’ सर म्हणाले. ‘‘तेव्हाच सुरू होतं हे.’’

केकवालीने त्यांच्याकडे वळून बघितलं. ‘‘तुम्ही ओळखता माझ्या मुलीला?’’

‘‘नाही.’’

‘‘मला ओळखता?’’

‘‘नाही हो.’’

‘‘मग मला बोलू द्या की! पोरगी बोलत नाही, मी बोलते.’’

सगळे हसले. सरही हसले. समुपदेशक बाईंनी मात्र तोच धागा पकडला. म्हणाल्या, ‘‘मुलं अडकली की आपल्याला बघवत नाही. आपण उत्तर देऊन टाकतो. मूलही सुटतं, आपणही सुटतो. यात वाईट काही नाही, मायेपोटीच होतं हे. पण दरवेळी मूल एकच गोष्ट शिकतं, की हे आपल्याला जमणार नव्हतंच.’’

मग त्यांनी नियम सांगितला. मुलाला कुणी काही विचारलं, तर थांबायचं. उत्तर द्यायचं नाही, डोळ्यांनी गयावया करायची नाही. मूल बोललं नाही तर रागवायचं नाही, ते काम तसंच सोडून घरी यायचं. आणि बोललं, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. एकदम सगळ्यांच्या नजरा वळल्या की पुढच्या वेळी भीती दुप्पट होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी हा प्रयोग माझ्यावर केला. मी गाडी मागे घेत होते आणि ते चक्क गप्प. नाक्यावरचा कचऱ्याचा डबा आडवा झाला तेव्हा म्हणाले, ‘‘थांबण्यात हा धोका आहे. बाईंना सांगायला पाहिजे.’’

मुलांच्या खोलीत काय चालतं ते आईबापांना सांगत नसत. पण ठकी घरी आल्यावर थोडंथोडं सांगायची. आज नुसते आवाज काढले. आज पडद्यामागून एकेक शब्द म्हटला, कुणी म्हटला ते ओळखायचं नाही. ‘‘तू म्हटलास?’’ असं सरांनी विचारलं की ती म्हणायची, ‘‘ओळखायचं नाही म्हटलं ना!’’

पहिला गृहपाठ आईस्क्रीमच्या दुकानाचा होता. दुकानात जायचं, मुलाने मागायचं, किंवा निदान बोट दाखवायचं. ठकीने घरीच ठरवलं होतं, पिस्ता. जिना उतरताना ती ‘पिस्ता, पिस्ता’ पुटपुटत होती. तिला मोकळं सोडायचं म्हणून सर मुद्दाम चार पायऱ्या मागे राहिले होते.

दुकानात गर्दी होती. दुकानदाराने विचारलं, ‘‘काय देऊ गं?’’

ठकी काचेकडे बघत राहिली. सर सांगतात, तिचे ओठ हलले होते. त्यांनी स्वतः तोंड घट्ट मिटलं होतं, पण उजवा पाय फरशीवर दाबून दाबून पोटरीत गोळा आला. मागून हेल्मेट घातलेला एक माणूस ओरडला, ‘‘अहो लवकर! इकडे आम्हीच वितळतोय.’’ दुकानदाराने सरांकडे बघितलं. ‘‘मुकी आहे का हो?’’

‘‘मुकीबिकी काही नाही!’’ सरांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. ‘‘पिस्ता पाहिजे तिला. दोन द्या!’’

ठकी पुढे आणि सर मागे, असे दोघे घरी निघाले. तिने तिचं आईस्क्रीम हातातही घेतलं नाही. कोपरापर्यंत ओघळ आलेला बाप दोन्ही कोन आळीपाळीने खात चालला होता. दारात आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘मी बोलणार होते.’’

इथपर्यंत ठीक होतं. असं कुणाचंही होतं, समुपदेशक बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. बिघडलं ते पुढे.

पुढच्या वेळी शेवटच्या अर्ध्या तासात सगळे सतरंजीवर गोल करून बसले. गृहपाठ कसा झाला ते एकेकाने सांगायचं होतं. केकवाली सरळ म्हणाली, ‘‘आमचं काही जमलं नाही. दुकानाच्या दारातूनच परत आलो.’’ मग सरांची पाळी आली. ठकी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती. सगळे बघत होते.

सर मला म्हणाले, ‘‘मला वाटलं, पोरीची मान वर यावी. एवढंच वाटलं गं.’’

आणि ते बोलून गेले, ‘‘आमच्या ठकीने स्वतः आईस्क्रीम मागितलं.’’

दोनतीन आईबाप नियम विसरून टाळ्या वाजवायला लागले. केकवालीचे डोळे भरून आले. ‘‘म्हणजे होतं तर!’’ ती म्हणाली. ठकी उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

त्या दिवसापासून ठकी घरात वडिलांशी बोलेनाशी झाली. आईशी बोलायची, पण सर खोलीत आले की गप्प. गाणं बंद, नकला बंद. सर हाका मारायचे, ती पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. शेवटी बायको म्हणाली, ‘‘बाहेरचं बोलणं राहिलं बाजूला, तुम्ही घरातलंही घालवलंत.’’ ठकी आईला काय म्हणाली होती, तेही तिने सांगितलं. ‘‘आता सगळ्यांना वाटतं मी बोलते. मग आता मी पहिल्यांदा कशी बोलणार? माझं पहिलं बाबांनीच सांगून टाकलं.’’

त्या आठवड्यात सरांनी मला एकदाही ब्रेक मारून दिला नाही. ते लक्षच देत नव्हते. मी घाबरून स्वतःच जपून गाडी चालवली आणि न विचारता त्यांनी मला सगळं सांगितलं.

‘‘मग ग्रुपमध्ये खरं सांगून टाका ना सर,’’ मी म्हटलं.

‘‘बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, जरूर सांगा, पण गोष्ट तिची आहे. आधी तिला विचारा.’’

‘‘विचारलंत?’’

‘‘विचारलं. दाराबाहेर उभा राहिलो. म्हटलं, ठके, मी खोटं बोललो ते सगळ्यांना सांगू का? हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आता काय समजायचं माणसाने?’’

पुढच्या ग्रुपला सर गेले ते असे अधांतरी. तिथे काय झालं ते मी त्यांच्याकडून ऐकलं आणि त्यांच्या बायकोकडूनही, कारण त्या दिवशी तीही रजा काढून गेली होती. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. त्या घरात हे फार क्वचित होतं.

सगळे गोल करून बसले. केकवाली त्या दिवशी रडवेली झाली होती. ‘‘मी हिला परत त्याच दुकानात नेलं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हटलं, ती ताई बघ, तिने मागितलं, मग तुला काय झालं? तर ही तिथेच रडायला लागली. आता आईस्क्रीमचं नाव काढलं तरी रडते.’’ तिची मुलगी तिच्या पाठीमागे लपली होती. केकवाली सरांकडे वळली. ‘‘तुम्ही नेमकं केलंत तरी काय, सांगा ना! आम्हालाही कळू दे.’’

सरांनी तोंड उघडलं. खरं काय ते जिभेवर आलं होतं. मग त्यांनी ठकीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. तिने अजून हो म्हटलं नव्हतं.

 केकवालीला राग यायला लागला होता. सरांच्या बायकोने मला सांगितलं, ‘‘यांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, आता हे फुटणार.’’ पण सर बसून राहिले. आपल्याबद्दल सगळ्यांना काय वाटत असेल ते वाटू देत बसून राहिले.

‘‘मी नाही मागितलं.’’

आवाज इतका बारीक होता की तो कुणाचा हे आधी कळेना. ठकी मोठ्या माणसांकडे बघतच नव्हती. ती केकवालीच्या पाठीमागच्या त्या लहान मुलीकडे बघत होती.

‘‘बाबांनी मागितलं,’’ ती म्हणाली. ‘‘मी गप्पच होते. मला पण नाही जमलं. तू रडू नको.’’

कुणी टाळी वाजवली नाही. समुपदेशक बाई फक्त ‘‘बरं’’ म्हणाल्या, एखाद्याने खिडकी उघडू का विचारावं इतक्या सहज. मग सरांकडे वळल्या. ‘‘तुम्हाला काही म्हणायचंय?’’

‘‘ती सांगते तसंच झालं,’’ सर म्हणाले. ‘‘मी खोटं बोललो होतो.’’ केकवालीला म्हणाले, ‘‘तुमच्या पोरीला माझ्यामुळे रडावं लागलं. चुकलं माझं.’’

केकवाली काही बोलणार, एवढ्यात तिच्या मुलीने आईच्या दंडाआडून डोकं काढलं आणि ठकीला अगदी कुजबुजत विचारलं, ‘‘मग ते आईस्क्रीम कुणी खाल्लं?’’

‘‘बाबांनी,’’ ठकी म्हणाली. ‘‘दोन्ही.’’

मग मात्र सगळे हसले, आणि त्याला समुपदेशक बाईंनीही हरकत घेतली नाही. केकवाली डोळे पुसत म्हणाली, ‘‘अहो, बापमाणूस म्हणून सोडते तुम्हाला.’’

दुसऱ्या दिवशी सर गाडीत बसले तेव्हा त्यांना पट्टा लावायचंही भान नव्हतं. ‘‘माझी मुलगी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलली,’’ ते म्हणाले, ‘‘आणि काय बोलली, तर बाप खोटारडा आहे! मला इतका आनंद झालाय, इतकी लाज वाटतेय, की काय सांगू.’’ मग स्वतःशीच हसत राहिले. माझा सिग्नल सुटून मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हसतच होते.

इथे सगळं एकदम ठीक झालं असं नाही. त्याच्या पुढच्या वेळी ठकी ग्रुपमध्ये अवाक्षर बोलली नाही. नंतर एकदा त्या लहान मुलीशी पत्ते खेळताना बोलली. घरातलं गाणं परत सुरू झालं. सुट्टी संपायच्या आधी समुपदेशक बाईंनी नव्या शाळेशी बोलून ठेवलं. तोंडी परीक्षेला खोलीत एकच बाई असतील, आणि आधी काही दिवस ठकीने त्यांच्याबरोबर रिकाम्या वर्गात बसायचं.

शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकापाशी सरांनी विचारलं, ‘‘मी येऊ आत?’’

‘‘नको.’’

‘‘वर्गापर्यंत?’’

‘‘बाबा, नको.’’

ते फाटकाबाहेर उभे राहिले. मग घरी गेले, मग शाळा सुटायच्या फार आधी परत आले. ठकी बाहेर आली तेव्हा तिचं दप्तर घेत त्यांनी हळूच विचारलं, ‘‘बोललीस कुणाशी?’’

‘‘सांगणार नाही.’’

‘‘नुसतं हो की नाही तेवढं सांग.’’

‘‘माझं मी आईला सांगेन. नाहीतर नाही सांगणार.’’

सर म्हणतात, त्यांनी एवढंच म्हटलं, ‘‘बरं.’’ त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे की घरी येईपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.

पहिलं सत्र संपलं. मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं नाही. ठकी त्याच शाळेत जाते. तोंडी परीक्षेत ती काय बोलली, किती बोलली, हे सरांना अजून माहीत नाही. परवा मी लायसन्स मिळाल्याचं सांगायला गेले तेव्हा दार ठकीनेच उघडलं. मला बघून ती थबकली. मागून सर आले, आणि तोंड उघडायच्या आत त्यांनी भिंतीला हात टेकून स्वतःला थांबवलं. मी उभी राहिले. सर उभे राहिले. बराच वेळ गेला असावा.

‘‘या,’’ ठकी म्हणाली, आणि आत पळाली.