खाणीच्या उतारावर वाल

सोनुबाईंची भाताची खाचरं खाणीच्या अगदी पायथ्याशी होती. कुंभिवलीच्या वरच्या अंगाची ती टेकडी सुरुंगांनी फोडून खडी करून नेली. दगड संपला तसा मालक क्रशर उचलून निघून गेला. मागे उघडा खडक, मोठा खड्डा आणि भुकटीचे ढीग राहिले. दर पावसाळ्यात ती भुकटी वाहून खाली यायची आणि भाताची रोपं गाडली जायची.

"वरचं दुरुस्त केल्याबगर खालचं सुधरायचं नाय," सोनुबाई सुनेला, समीक्षाला, म्हणाल्या.

"पण आई, ती जागा आपली कुठंय? गावाची आहे."

"मग गावालाच ईचारू या."

समीक्षानं ग्रामसभेत विषय काढला, परवानगी मिळवली. सोनुबाईंनी आळीतल्या बाया गोळा केल्या. पडलेल्या दगडांचे उतारावर आडवे बांध घातले, उन्हाळ्यात गावतळ्यातला गाळ पाट्यांनी वाहून बांधाआड टाकला. पहिल्या वर्षी लावलेली झाडं वाळून गेली. लोक हसले. बाया पुन्हा गाळ वाहू लागल्या.

अशात एक कंत्राटदार आला. खड्डा फुकटात भरून देतो म्हणाला. बऱ्याच जणांना ते पटलंही. पहिला डंपर आला तेव्हा सोनुबाई बांधावरच होत्या. मागून सांडलेलं ढेकूळ त्यांनी उचलून हुंगलं. काळपट, तेलकट, नाकाला झोंबणारं; कुठल्याशा कारखान्यातली घाण. त्या जाऊन डंपरपुढं उभ्या राहिल्या. गाडीवर गावातलाच विठू होता.

"काकी, बाजूला व्हा. मला सांगितलंय तेवढं करतोय मी."

"विठू, तुजी बोअर या खड्ड्याच्या खालीच हाय ना रं? तुजी पोरं तेच पाणी पितात."

विठूनं इंजिन बंद केलं. मग खाली उतरला, ढेकूळ हातात घेऊन हुंगलं आणि गाडी मागं घेतली. त्या आठवड्यात ग्रामसभेनं कंत्राटदाराला नकार कळवला. पुढच्या उन्हाळ्यात गाळ वाहायला विठू स्वतः टेंपो घेऊन आला. बायांच्या डोक्यावरच्या पाट्या उतरल्या.

गवतानं आधी मूळ धरलं, मग करंज आणि बांबू तगले. खाचरात येणारं पाणी नितळ झालं. यंदा भात काढल्यावर बायांनी वरच्या गाळात वाल पेरला आणि तो शेंगांनी लगडला. थंडीत त्याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून खाणीवर जाळात पोपटी लावली. पाल्याचा वास सुटला, सगळं गाव वर आलं.

पलीकडच्या गावातल्या काही बायाही आल्या होत्या; त्यांच्याकडेही बंद पडलेली खाण होती. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "हे कुण्या संस्थेनं करून दिलं का?"

सोनुबाईंनी पदर सावरला.

"नाय गं. आमी केलं. चल, बांध कसा घालायचा दावते."

गरम शेंगा ओटीत घेऊन त्या उतारावरच्या बांधाकडे चालू लागल्या. पाहुण्या बाया मागोमाग निघाल्या.