मानेचा झटका

इथे परदेशात, हौगांग वस्तीतल्या एका कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मान-मणके बसवून देणाऱ्या क्लिनिकात मी सहायक होते. पेशंटला टेबलावर झोपवायचं, पाठीवर गरम पॅक ठेवायचे, मशीनच्या पट्ट्या चिकटवायच्या. मणक्याला झटका मात्र डॉक्टरनंच द्यायचा. पुढे गर्दी वाढली तसं त्यानं आम्हाला जेमतेम एक दुपार शिकवलं आणि फर्मान काढलं की आता मानेचा झटकाही सहायकांनीच द्यायचा. मी तोंडावर नाही म्हटलं. तो म्हणाला, दुसऱ्या पुष्कळ मिळतील. मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पॅक भरायला गेले.

त्याच आठवड्यात आमच्या ब्लॉकमधले शेजारी आले. साताऱ्याकडचे, जहाजावर इंजिनियर. इंजिन रूमच्या शिडीवरून पडले होते आणि डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. जहाज सुटायच्या आत मान सुटली नाही, तर त्यांच्या जागी दुसरा जाणार होता.

"वहिनी, द्या एक झटका," ते म्हणाले. "आमच्या गावचा न्हावी दाढी झाली की मान कडाकड मोडायचा."

त्यांची बधिर बोटं मी एकेक दाबून पाहिली. आधी हॉस्पिटलात एक्स-रे काढा, मी बजावलं. तेवढ्यात डॉक्टर आत आला, त्यानं माझे दोन्ही हात धरून त्यांच्या हनुवटीखाली दाबले, म्हणाला, कर नाहीतर चालती हो. माझं डोकंच फिरलं. त्याच्या बरगडीत कोपर असा हाणला की तो ट्रॉलीवर आदळला. उठला तो माझे केस धरून त्यानं माझं कपाळ भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत आलं. मी त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, आणि मेल्यानं केस सोडेपर्यंत दात उघडले नाहीत. शेजारी बिचारे एका हातानं मान सावरत आम्हाला सोडवत होते.

नोकरी गेली. खाली उतरताना लिफ्टमध्ये मी त्यांना पुन्हा बजावलं, मानेला कुणाला हात लावू देऊ नका. हो हो म्हणाले, आणि तिथून थेट लिटल इंडियातल्या न्हाव्याकडे गेले. दाढी करून घेतली, मान त्याच्या हातात दिली. खुर्चीतून त्यांना उचलूनच न्यावं लागलं. ते परत कधी उभे राहिले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांची बायको दारात आली. तिनं माझ्या थोबाडीत मारली. कपाळाचे टाके उसवले.

"तुला निदान शिकवलं तरी होतं गं," ती म्हणाली, आणि पुन्हा मारली.

माझाही हात उठला होता. तो मी खाली घेतला आणि तिला मारू दिलं.