जात्याचा म्हसोबा

कुशाबाई बसलेली आमच्या गावात फारशी कोणी पाहिली नव्हती. भाकरीसुद्धा ती उभ्यानं खायची, एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात काठी. कोणी बोलायला थांबवलं तर तोंडानं बोलायची, पण पाय चालूच. समोरच्यालाच मान फिरवत राहावं लागायचं.

तिचा नवरा गावाची गुरं वळायचा. तो गेल्यावर गुरं तिच्याकडे आली. सकाळी वेशीपाशी सगळ्यांच्या गाई-म्हशी गोळा करायच्या, गायरानात न्यायच्या आणि दिवेलागणीच्या आत ज्याच्या त्याच्या दावणीला पोचवायच्या. सुगीत प्रत्येकानं खळ्यावर धान्य द्यायचं. त्यावर तिचं घर चालायचं.

चाकणच्या अलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गायरान. सरकारी जमीन, गावाच्या चराईसाठी राखलेली. त्याला लागून सयाजीचं शेत. सयाजीचा नांगर दर साली गायरानात एखाद-दुसरं तास, म्हणजे नांगराची रेघ, पुढे जाऊन वळायचा. पिंपरीकडे कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या जातायत हे कानावर आल्यापासून तो जरा जास्तच पुढे जाऊन वळायला लागला. "आज ना उद्या इकडंबी येतील," तो म्हणायचा.

कुशाबाईनं त्याला हटकलं. "भावजी, हद्दीचा दगड हितं व्हता. पार तिकडं कसा गेला?"

"मला काय ठावं, वैनी? गुरांनी ढकलला असंल."

"माझी गुरं सोताचंच रान बारीक कराया निघाली व्हय?"

सयाजी हसला आणि बैलांच्या शेपटीला हात घातला.

मग कुशाबाईनं एक गोष्ट केली. शेंदूर लावलेल्या दगडावर आमच्याकडे कोणी नांगर घालत नाही. चाकणला पिठाची गिरणी आल्यापासून तिचं जातं ओसरीत पडूनच होतं. त्याचा खालचा दगड तिनं एका सकाळी डोक्यावरून गायरानात नेला. सयाजीच्या नव्या तासांच्या पुढ्यात एक बाभळ होती. पाथरवटाच्या टाकीच्या खुणा असलेली दळायची बाजू बुंध्याकडे करून तिनं तो दगड उभा टेकवला, शेंदूर फासला, नारळ फोडला. गुरांमागून आलेल्या बायकांनी विचारलं, "ह्यो कोण?"

"म्हसोबा."

"कवा आला?"

"आत्ताच."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातल्या गवराबाईनं तर लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "देवा, हिला जरा बसाया शिकव."

पेरणीला सयाजीचे बैल बाभळीच्या बरेच अलीकडून वळले. कुशाबाईला वाटलं, काम झालं.

पण गवराबाईची लेक शालन हिला लग्न होऊनही मूल नव्हतं. एका अवसेला गवराबाई एकटीच बाभळीखाली गेली आणि नवस बोलून आली. पुढच्या सालात शालनला मुलगा झाला. मग गावानं अवसेला नारळ न्यायला सुरुवात केली. शेंदराचे थर चढले. म्हसोबा बाभळीच्या मुळातून वर आला, असं ज्या बायका हसल्या होत्या त्याच आपल्या सुनांना सांगू लागल्या. दगड कोणाच्या ओसरीतला हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवस बोलून झाल्यावर मात्र ते कोणाला आठवेना.

सयाजीला ते बरोबर उमगलं. होळी झाली आणि त्यानं देवाला तारेचं कुंपण घातलं. नुसत्या दगडाला नव्हे. बाभळ, तिच्या खालचा उतार आणि थेट ओढ्यापर्यंतचं गवताळ रान, सगळं आत. आत आंब्याची कलमं लावली.

कुशाबाई तारेला काठी लावून उभी राहिली. "भावजी, हे काय?"

"देवाची जागा हाय. गुरं बाटवत्यात. म्या आपली राखण करतोय."

"आन ओढ्यापर्यंत पायजे म्हणून देवानं सांगितलं व्हय तुमाला?"

"वैनी, देव तुमीच आणला. आता त्याला उन्हात ठिवाचं म्हंता?"

तिनं तारेवरची काठी काढली. त्या दिवशी ती ऊन उतरेपर्यंत कुंपणाच्या कडेनं फिरत राहिली आणि गुरं तिच्यामागून फिरत राहिली. पाण्याकडची वाट बंद, चांगलं गवत बंद. गुरं संध्याकाळी खपाटीला गेलेल्या पोटानं परतू लागली. काहींनी आपली गुरं घरीच बांधली. आणखी एखादी सुगी असं चाललं असतं, तर कुशाबाईकडे वळायला काही उरलं नसतं.

तालुक्याच्या एका वकिलानं तिला दिवाणी दावा लावायला सांगितलं होतं. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याहून घरी आलो होतो. ओव्हरसियरच्या कोर्सात मोजणीबरोबर थोडा महसूल कायदाही असे. जमीन सरकारची, तेव्हा दावा तिनं कशाला लावायचा? मामलेदाराकडे साधा अर्ज करायचा. मग तलाठ्याचा अहवाल, मोजणी, पंचनामा, कब्जेदाराला नोटीस, आणि अतिक्रमण ठरलं तर एकसष्टाव्या कलमाखाली सरकारच कुंपण काढणार. हे सगळं मी तिला सांगितलं, तिच्या मागून चालत.

"आन देव?" तिनं विचारलं.

देवाचं कलम माझ्या पुस्तकात नव्हतं.

अर्ज गेला. मोजणीदारानं साखळी टाकली; अख्खं कुंपण गायरानात निघालं. सयाजीनं ते नाकारलंच नाही. जागा सरकारची खरी, पण देवस्थान पूर्वापारचं, आम्ही नुसती सेवा करतो, असं त्यानं लिहून दिलं आणि खाली अर्ध्या गावाचे अंगठे उठवले. त्यात गवराबाईचाही होता.

चौकशीला आलेले सर्कलसाहेब, तलाठ्याचे वरिष्ठ, सरळ माणूस होते. म्हणाले, "बाई, जुनं देवस्थान निघालं तर मामलेदारसाहेब हात लावायचे नाहीत. नवं असेल तर तसा जबाब हवा."

"म्या देते की."

"तुम्ही अर्जदार. दुसरं कोण सांगेल?"

कुशाबाई घरोघर फिरली. "आमाला कशाला मधी घेती?" असं म्हणत कोणी भाकरी थापत राहिलं, कोणी सरळ आत गेलं. गवराबाई दारातच अडवून उभी राहिली.

"अगं कुशा, नातू अजून रांगतोय माझा. त्याला काय झालं म्हंजे?"

"माझ्या जात्यावर दळताना तुला भ्याव वाटलं न्हाई ते."

"तवा ते जातं व्हतं," गवराबाई म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

पंचनाम्याच्या दिवशी कुंपणाशी गाव जमलं. सर्कलसाहेब, तलाठी, पंच, सयाजी. कुशाबाई सगळ्यांत शेवटी आली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर जात्याचा वरचा दगड. कोणाला काही न विचारता तारेखालून आत शिरली. "हात लावू नगं," मागून कोणीतरी म्हणालं. ती आधी म्हसोबाच्या पाया पडली, मग तिनं दोन्ही हातांनी कवळून त्याला आडवा केला. टाकीच्या खुणा वर आल्या. तिनं त्यावर वरचा दगड ठेवला, तो नीट बसला. एक फेरा फिरवला. घरघर झाली आणि शेंदराचे पापुद्रे गळाले.

सयाजी शांतपणे म्हणाला, "असंल जातं. शंभर वर्सांपूर्वीचं असंल. देव कशातबी येतो."

माणसांनी माना हलवल्या. सर्कलसाहेबांची लेखणी थांबली. कुशाबाई जात्याभोवती फिरत होती, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"शालनची हळद ह्याच्यावर दळली," गवराबाई म्हणाली. नातू तिच्या कडेवर होता आणि तिनं त्याला पदराखाली झाकलं होतं.

"लग्न कधी झालं?" सर्कलसाहेबांनी विचारलं.

"चार वर्सं झाली. तवा हे जातं हिच्या वसरीत व्हतं. म्या सोता खुंटा धरला व्हता."

"गवराबाई," सयाजी म्हणाला, "नातू कुणी दिला ते इसरली जणू."

"त्यानंच दिला. म्हणून त्याच्याच नावानं खोटं बोलू व्हय?"

सर्कलसाहेबांनी ते लिहून घेतलं. गवराबाईनं अंगठा उठवला आणि मागं न बघता घरी गेली.

कुंपण काढायचा मामलेदाराचा हुकूम झाला. सयाजीनं प्रांताकडे अपील केलं, त्यात पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी अपील फेटाळलं गेलं आणि सरकारी माणसांनी तार काढली. कलमं सयाजीनं स्वतःच उपटून नेली. जात्याचे दोन्ही दगड कुशाबाईनं ओसरीत आणून ठेवले. ती त्यावर पुन्हा दळत नाही. गवराबाई अवसेला येते, खालच्या दगडावर फूल ठेवते आणि दोघी त्याबद्दल बोलत नाहीत.

तार निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवाळीसाठी घरी आलेला मी गायरानात गेलो होतो. गुरं आली आणि जिथं तार होती तिथंच थांबली. पुढे गुडघाभर गवत, तरी एकही गाय पाऊल टाकेना. माना खाली घालून त्या मोकळ्या जागेचा वास घेत उभ्या राहिल्या. कुशाबाईनं हाकललं नाही. ती एकटीच रेषेपलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. ऊन चढेपर्यंत तिचं तेच चाललं होतं. शेवटी गवराबाईच्या कपिलेनं एक खूर पुढे टाकला. कुशाबाई तेव्हा पलीकडे पोचली होती. या वेळी ती परत आली नाही. ओढ्याकडे चालत राहिली, मागं कोण येतंय ते न बघता.